सावंतशिवाय वाफ नाही

बॉयलरपाशी उभं राहून अंगात घाम साठतो आणि डोक्यात किस्से. घाम एसीत सुकतो. किश्श्यांचं काय करायचं? घ्या, तुम्हीच ऐका!

बहरीनमधल्या सलमाबादच्या लाँड्रीत मी बॉयलर सांभाळतो. मनामातल्या हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे वाफेवर वाळतात. बॉयलर म्हातारा, तिरसट. तो सावंतशिवाय कोणाचं ऐकत नाही, असा आमच्या बहरीनी मालकांचा ठाम समज. त्यापायी तीन वर्षं माझी रजा 'इंशाल्ला'वर अडकलेली. कंटाळलो बाबा!

*

धाकटीचा चिपळूणहून फोन. "बाबा, औद्योगिक क्रांतीवर प्रोजेक्ट आहे. वाफेचं इंजिन कोणी शोधलं?"

"नाव कळलं की मलाही सांग गं," मी म्हटलं, "त्या माणसाशी जरा बोलायचंय!"

*

कंपनीच्या सीफमधल्या मुख्य ऑफिसातून पुण्याचे जोशीसाहेब आले. डबल शिफ्ट करून आलेल्या आम्हाला उभं करून लेक्चर दिलं. सूत कातायचं यंत्र, यंत्रमाग, आगगाडी, सगळं झालं. शेवटी म्हणाले, "या वाफेनं माणसाचे कष्ट वाचवले!"

इस्त्रीवाला मुकुंदा उभ्या उभ्या पेंगत होता. डोळे न उघडताच म्हणाला, "कुठल्या शिफ्टचे?"

*

एकदा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळत उडाला. मालक धावत आले.

"काही नाही सर. प्रेशर फार झालं की तो वाफ सोडतो."

"गुड, गुड!"

"सर, मलाही एक बसवा की!"

हसले. पाठ थोपटली. रजेचं विचारलं, तर पुन्हा इंशाल्ला.

*

शेवटी थोरलीचा साखरपुडा ठरला. बापाशिवाय करणार नाही, म्हणून हटून बसली. मीही मालकांसमोर रडकुंडीला आलो, तेव्हा कुठे रजा मिळाली. ढाक्याच्या शफीकला बॉयलर शिकवला. बजावलं, "प्रेशर गेजवर जिथे लाल खूण असेल, तिच्यापुढे काटा न्यायचा नाही. खलास होशील!"

निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा. बॉयलरला हार घातला, नारळ फोडला, घाईघाईत गेजच्या काचेवर कुंकवाचा टिळा ओढला आणि पळालो.

विमानतळावर रांगेत उभा, तर मालकांचा फोन. "सावंत, चादरी ओल्या! वाफच नाही! परत ये!"

म्हटलं, शफीकला द्या.

"भाई, आपने चार पे लाल निशान लगाया है. मैं काटा उसके ऊपर नहीं ले जाऊंगा."

"अरे, ते कुंकू आहे! पूजा का है! पोंछ डाल!"

"तौबा! आपके भगवान का है, मैं कैसे पोंछूं?"

मालकांना सांगितलं, तर तेही हात लावेनात. विमानाची शेवटची हाक झाली. मी ओरडलो, "मत पोंछ! भगवान की परमिशन है, काटा सात तक ले जा!" आणि तीन वर्षांत पहिल्यांदा फोन बंद केला.

साखरपुडा झकास झाला. महिन्याने परतलो, तर गेजवर टिळा तस्साच, वर पारदर्शक टेप चिकटवलेली!

"एक दिन भी प्रेशर नहीं गिरा," शफीक टिळ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "मालिक बोले, अब सावंत जब चाहे छुट्टी जाए. ये है ना!"