सगळे चेंडू उजवीकडे

तिला सगळे राखीवच म्हणत. मुलींच्या फुटबॉल संघात राखीव गोलकीपर म्हणून तीन वर्षं ती बाकावर बसून होती. आता तर घरी आईसुद्धा त्याच नावानं जेवायला बोलवायची. तिला राग येत नसे. राग यायलाही अंगात ताकद लागते, आणि पहाटेपासून आईच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करून मैदानावर पोचेपर्यंत तिची निम्मी ताकद वाफेबरोबर उडून गेलेली असे.

गोलात उभी राहायची ती भिंत. हेही नाव खेळावरूनच पडलेलं. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी, एका ताटात जेवलेल्या. अंतिम सामन्याला क्रीडा शाळेच्या निवड समितीची माणसं येणार होती. भिंतीची निवड झाली तर वसतिगृह, शिक्षण, सगळं फुकट; नाही झाली तर वडील तिला मामाच्या दुकानात कामाला लावणार, हे ठरलेलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात माळ्यावरचं सामान काढताना ती शिडीवरून पडली. डावं मनगट टम्म सुजलं. राखीवनंच ते घट्ट बांधलं, वर लांब बाह्यांचा शर्ट, त्यावर हातमोजे. दोघींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

संघाच्या सरांना कुणकुण लागली असावी. त्यांनी राखीवला बाजूला घेऊन विचारलं, ती बरी आहे ना? नाही म्हटलं असतं तर तीन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः उतरली असती. हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि चांगलं ठाण मांडून बसलं. तरी ती म्हणाली, बरी आहे.

सामन्याआधी गोलकीपरला चेंडू मारून तयार करायचं काम राखीवचंच. तिनं सगळे चेंडू भिंतीच्या उजव्या हाताला मारले, एकसुद्धा डावीकडे नाही. सर बघत होते, समाधानानं मान हलवत होते. कुंपणाजवळ उभ्या राहून दुसऱ्या संघाच्या बाईही बघत होत्या. तिकडे लक्ष द्यायचं दोघींना सुचलं नाही.

अर्ध्या तासात दोन गोल झाले, दोन्ही भिंतीच्या डाव्या हाताला. तिसरा अडवताना ती कळवळून खाली बसली आणि सरांनी राखीवला आत पाठवलं. तिनं जमेल तेवढं अडवलं. सामना गेला. निवड समितीनं दोघींपैकी कुणालाच विचारलं नाही.

हात मिळवताना समोरची कॅप्टन सहज बोलून गेली, की तुमच्या कीपरला डावीकडे झेपत नाही हे आमच्या बाईंनी सरावातच ओळखलं होतं. राखीवला सरावातले ते सगळे चेंडू आठवले. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

परतीच्या बसमध्ये भिंत तिच्याच शेजारी येऊन बसली. कॅप्टनचं बोलणं तिनंही ऐकलं होतं.

"मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"माहितीये. म्हणूनच जास्त राग येतोय. मुद्दाम केलं असतंस तर भांडून मोकळी झाले असते."

सरांना खरं सांगायला हवं होतं, असं राखीव कशीबशी पुटपुटली.

"सांगितलं असतंस तर जन्मात बोलले नसते तुझ्याशी."

"आणि आता?"

"आताही नाही बोलणार. पण उद्यापासून. आज फार दमलेय."

एवढं बोलून तिनं राखीवच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपून गेली. खांदा अवघडला, हाताला मुंग्या आल्या, तरी राखीव हलली नाही. बसनं जरा हळू जावं, एवढंच तिला वाटत होतं.