सखूआक्कांची ठेव आणि सलीमभाईंची भट्टी

हसा हवं तेवढं, पण आधी कप खाली ठेवा. मागे हे ऐकताना माझ्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता.

मी बँकेत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मुळशीतल्या पहिल्याच नेमणुकीत मी एका सभेत दहा मिनिटं तोंड उघडलं आणि अख्ख्या शाखेच्या तोंडचं पाणी पळवलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

त्याचं असं झालं. मुठ्याला गावातल्या ठेवीदारांची सभा होती. निघताना मॅनेजर साहेबांनी बजावलं, "मॅडम, ठेवी सुरक्षित आहेत एवढं सांगा, चहा द्या आणि परत या." एवढंच! जमलं असतं की नाही कुणालाही? पण मला समजावून सांगायची भारी हौस!

समोर सखूआक्का बसलेल्या. रस्त्याकडेचं वावर विकून आलेली सगळी रक्कम आक्कांनी आमच्याकडे मुदत ठेवीत ठेवली होती. आणि ती ठेव मी आणली होती, मी! महिनाभर त्यांच्या ओट्यावर बसून, गुळाचा चहा पिऊन पिऊन. ती माझी पहिली मोठी ठेव, त्यामुळे माझा त्यांच्यावर जीव आणि ठेवीवर त्याहून जास्त.

आक्कांनी विचारलं, "बाई, माजं पैसं तिजोरीच्या कंच्या कप्प्यात हायेत?"

"नीट आहेत हो" म्हणावं की नाही? मी म्हणाले, "आक्का, तुमचे पैसे तिजोरीत नसतातच!"



"न्हाईत? मग कुटं गेलं?"

झालं! मी सुटले. म्हटलं, बँक लोकांच्या ठेवींच्या पैशांवरच चालते. त्यातले थोडे रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात, थोडे सरकारी रोख्यांत जातात, रोजच्या देण्याघेण्यापुरती रोकड हाताशी असते आणि बाकीचे आम्ही कर्जाने देतो. कुणाच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मी उदाहरण दिलं. "समजा, आक्कांचे पैसे आम्ही भरे गावच्या सलीमभाईंना दिले. त्यांनी बेकरीची भट्टी बांधली. ते व्याज भरतात, त्यातून आक्कांना व्याज मिळतं."

सलीमभाईंचं नाव का घेतलं? तर त्यांच्या दुकानावर 'अमुक बँकेच्या अर्थसाहाय्याने' अशी भली मोठी पाटी होती, येताजाता सगळे वाचत. शिवाय मी 'समजा' म्हटलं होतं. पण 'समजा' ऐकतंय कोण?

तिसऱ्या दिवशी सलीमभाई शाखेत. "म्याडम, कर्ज मी बँकेचं घेतलंय का सखूआक्कांचं?"

"का हो?"

"दोन दिवस झालं, सकाळच्या गाडीनं येत्यात आन् गल्ल्याजवळ बसत्यात. काल एका गिऱ्हाइकाला दोन खारी वर टाकल्या, तर म्हनल्या, 'असा हात सैल सोडलास तर व्याज कुटनं भरशील?' बरं, मोठ्या मान्साला बोलायचं कसं? चहा पाजतोय झालं."

मी धावत भऱ्याला. आक्का खुर्चीत, पुढ्यात चहा आणि नानकटाई.

"आक्का, अहो असं बसायचं नसतं!"

"का? वाट्यानं दिल्यालं वावर मानूस बगाया जात न्हाई व्हय? रोप लावलं का, तण काडलं का, बगावं लागतं. मग पैसं वाट्यानं दिलं, ते नगं बगाया?"

पिढ्यान् पिढ्या जमीन वाट्याने देणारी माणसं ती! कसणाऱ्याच्या बांधावर जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा रिवाजच. मी परत आले आणि साहेबांना काहीच सांगितलं नाही.

पण गावात बातमी फुटायची राहते का? ज्याने त्याने आमच्या बँकेची पाटी हेरायला सुरुवात केली. एक मामा रोज एकाच रिक्षातून फुकट पिरंगुटला जायला लागले. एक काका उरवड्याला कारखान्याच्या फाटकावर गेले आणि वॉचमनला म्हणाले, "सोड आत. आमचा पैसा काम करतोय का झोपलाय, बगायचंय." वॉचमन बिहारचा. त्याने चक्क सलाम ठोकला!

आणि मग तो सोमवार उजाडला. शाखा उघडते न उघडते तोच सखूआक्का दारात, हातात ठेवीची पावती. "मोड ही! बेकरीला कुलूप लागलंय. बुडालं माजं पैसं!"

मागे पंधराएक माणसं, सगळ्यांच्या हातात पावत्या! तुम्हीच सांगा, सगळे एकदम आले तर त्या सकाळी द्यायचे कुठून? पैसे तर खरंच तिजोरीत नव्हते, मीच सांगितलं होतं ना! साहेबांनी केबिनमधून माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तरी चाललं असतं.

मी आक्कांचा हात धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू? "आक्का, सोसायटीच्या गोदामात सगळ्यांचं भात एकत्र पडतं. मग तुमचा दाणा कुठला, ओळखता येतो?"

"न्हाई."

"तसंच आहे हे. तुमचा पैसा एकट्या सलीमभाईंकडे नाही. सगळ्यांचा एकत्र होतो आणि शेकडो लोकांना जातो. एकाच्या दुकानाला कुलूप लागलं म्हणून तुमचं काही बुडत नाही. तुमचे पैसे परत द्यायची जबाबदारी बँकेवर आहे, सलीमभाईंवर नाही."

तेवढ्यात सलीमभाईच हप्ता भरायला आत आले, हातभर काजळी घेऊन. "आक्का, पळून न्हाई गेलो! भट्टीच्या इटा निसटल्यात, दुरुस्ती चाललीय. परवा या, पयली खारी तुमालाच."

आक्का हसल्या. मागची माणसं पावत्या खिशात घालून पांगली. माझा जीव भांड्यात पडला. इथे तरी मी गप्प बसायचं ना?

आक्कांनी विचारलं, "सलीमकडनं व्याज जास्ती घेता आन् आमाला कमी देता. मदलं कुटं जातं?"

किती हुशार प्रश्न! मी हरखून म्हणाले, "त्यातूनच शाखेचं भाडं, वीजबिल आणि आमचा पगार निघतो!"

"तुजा पगार? माज्या पैशातनं?"

"हो, आक्का!" मी टाळीच वाजवली. शेवटी एकदाचं कळलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून आले, तर आक्का माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. म्हटलं, "आक्का, आज बेकरीत नाही गेलात? ठेव मोडायची नाही ना?"

"ठेव ऱ्हाऊ दे," आक्का शांतपणे म्हणाल्या. "सलीम दिसभर भट्टीम्होरं उबा असतो. त्याच्यावर माजा इस्वास बसलाय. तू जेवाया सव्वा तास लावतीस. आता हितंच यावं लागतंय रोज."