बल्बच्या काचेवरचं कुंकू

आमच्या घरात माणसं तीन. आई, बायको आणि मी. गाडीचा डावा हेडलाइट गेलाय हे बायकोला कळलं, आईला कळलं आणि मग मला सांगण्यात आलं. गाडी रोज मीच चालवतो, ही त्यातली किरकोळ बाब.

शनिवारी संध्याकाळी करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो, बायको शेजारी आणि आई मागे. समोरच्या भिंतीवर उजेडाचा एकच गोळा पडला.

"अहो, हे असं किती दिवस आहे?" बायकोने विचारलं.

"कसं?" मी म्हणालो, आणि तिला उत्तर मिळालं.

एरवी मी हे काम सोमवारी गॅरेजवर ढकललं असतं. पण दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना पेणला जायचं होतं. सासऱ्यांचा वाढदिवस होता आणि जाताना-येताना गाडी आपण चालवणार, असं बायकोने माहेरी जाहीर करून टाकलं होतं. ती गेल्या हिवाळ्यात गाडी शिकली. तेव्हापासून नवीन पनवेल, भाजीबाजार, विचुंब्याची मैत्रीण, सगळं तिने एकटीने केलंय, पण ते दिवसाउजेडी. अंधारात, हायवेवर, कर्नाळ्याच्या झाडीतून गाडी आणायची तिची ही पहिलीच वेळ. वडिलांच्या डोळ्यांदेखत तिला स्टीअरिंगवर बसायचं होतं.

"एका दिव्यावर हायवेला जाणं बरं नव्हे," मी म्हणालो. "समोरच्याला आपण मोटरसायकल वाटतो. उद्या राहू दे, मी चालवतो."

"तुम्ही बसलात की दुसरा दिवा आपोआप लागतो का?"

मग ती भिंतीवरच्या गोळ्याकडे पाहत म्हणाली, "बरा नेमका याच आठवड्यात गेला." तिचा रोख माझ्याकडे होता. मला बॉनेट उघडायचा खटका सापडायला दहा मिनिटं लागतात, मी दिवा कसला घालवतोय! पण हे सांगून आपली बाजू भक्कम होत नाही.

रविवारी गॅरेज बंद. म्हणून तसाच उठून बाजारात गेलो आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून बल्ब आणला. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. "घरीच लावा काका, सोपं आहे. फक्त काचेला बोट लावायचं नाही."

"का?"

"नाही लावायचं," तो म्हणाला आणि शटर खाली आलं.

'का'ला उत्तर मिळालं नाही की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जेवताना मोबाइलवर शोधत बसलो, तेव्हा कळलं. आपल्या बोटांना म्हणे कायम तेल असतं. ते काचेवर बसतं, बल्ब पेटला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, कधी फुटतोसुद्धा. मी चकित झालो. इतकी वर्षं मी या बोटांनी चष्मा पुसतोय, कागद उलटतोय आणि सगळीकडे तेल लावत फिरतोय! ताटावरच मी याचं छोटंसं व्याख्यान दिलं. बायकोने "भात घेणार का?" विचारलं. आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती. तिने ऐकलं याचंच मला बरं वाटलं, हे माझं चुकलं.

रविवारी दुपारी जुना बल्ब काढायला खाली उतरलो. नवा मुद्दाम वरच टेबलावर ठेवला, हातातून पडायला नको म्हणून. बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदाच हेडलाइटच्या पाठीमागे डोकावलो. म्हणजे डोकावायचा प्रयत्न केला. तिथे बॅटरी आडवी येते. डोळ्यांना काही दिसत नाही, हातानेच चाचपत जायचं. आधी वायरींचा एक ठोकळा लागला. तो हलवत हलवत ओढला. मग रबराची टोपी, बरणीच्या झाकणासारखी घट्ट. तिच्या आत तारेची एक स्प्रिंग. ती दाबून बाजूला केली आणि बल्ब अलगद हातात आला. आतली तार तुटून लोंबत होती आणि काच धुरकटली होती. कानाशी नेऊन हलवला तर बारीक किणकिण ऐकू आली. केसाएवढी ती तार, आणि तिच्या जिवावर आपण घाट उतरत होतो. मनगट खरचटलं होतं, पण मी खुशीत नवा बल्ब आणायला वर गेलो.

टेबलावर नुसतं खोकं होतं. बल्ब देव्हाऱ्यात होता. ताम्हनात, बाजूला एक जास्वंद, आणि काचेवर मधोमध हळदकुंकवाची दोन ठसठशीत बोटं.

आमच्या घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आईच्या हातचं हळदकुंकू लागल्याशिवाय वापरात येत नाही. मिक्सरला लागलं, गीझरला लागलं, मोबाइलला लागलं. माझ्या नव्या चष्म्यालाही लागलं होतं. दोन दिवस जग मला डावीकडून लालसर दिसत होतं. असं असूनही मी बल्ब टेबलावर उघडा ठेवून गेलो.

"आई! काचेला बोट लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना काल!"

"तुझी बोटं तेलकट असतात म्हणालास," आई शांतपणे म्हणाली. "मी आंघोळ करून लावलंय."

मी खोक्यावरचं हाताच्या पंजावर फुली मारलेलं चित्र तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "हा पुरुषाचा हात आहे."

"पुसून टाकतो," म्हणत मी फडकं उचललं, तशी ती उठून उभी राहिली.

"लावलेलं कुंकू पुसायचं नसतं. आणि आज? ती गाडी घेऊन निघायच्या वेळी?"

आता आली पंचाईत. पुसलं तर आईचा जीव टांगणीला, न पुसलं तर बल्बचा. दुसरा बल्ब आणायला दुकान उघडं नाही. तेवढ्यात बायको साडीला पिन लावत बाहेर आली. तिने एकदा ताम्हनात पाहिलं आणि एकदा माझ्या हातातल्या फडक्याकडे. तिचा चेहरा उतरला. आता मी 'जाऊ दे, मीच चालवतो' म्हणणार असं तिला वाटलं असावं. खरं तर ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं.

पण ती आईजवळ गेली. "आई, बल्ब काही एकटा पेणला जात नाहीये. गाडी मी चालवणार आहे. हळदकुंकू मला लावा की."

तिच्या गाडी शिकण्यावर आई आजवर "बघा बुवा" याच्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. बरं म्हणतेय की वाईट, हेच आम्हाला कधी उलगडलं नाही. आईने कोयरी घेतली, सुनेला हळदकुंकू लावलं, नाकावर सांडलेलं पदराने टिपलं. मग आत जाऊन स्वतःच्या साखर तपासायच्या डब्यातून स्पिरिटच्या पट्ट्या घेऊन आली.

"याने निघतं का बघ. आणि तू काचेला हात लावू नकोस."

पितळी बुडाला धरून मी बल्ब पुसला. पट्टी गुलाबी झाली, मग पिवळी, तिसरी कोरी राहिली.

खाली जाऊन आंधळ्या हातानेच तो बसवला. भिंतीवर गोळे दोन पडले, पण डावा छताच्या पाइपांकडे चढला होता. पुन्हा काढून पाहिलं. बल्बच्या कड्याला तीन कान असतात, त्यातला एक रुंद, तो वरच्या खाचेतच बसावा लागतो. इतका साधा विचार कुणीतरी करून ठेवलाय याचं मला फार कौतुक वाटलं. या वेळी दोन्ही गोळे एका रेषेत आले. बायकोने मला बाजूला करून स्वतः एकदा खात्री करून घेतली.

पेणला केक कापून, जेवून निघेपर्यंत काळोख झाला होता. सासरे अंगणात सोडायला आले. लेकीच्या हातात किल्ली बघून माझ्याकडे वळले, "जावईबापू, आता अंधार पडलाय. तुम्हीच घ्या ना गाडी."

बायकोने किल्ली मुठीत घट्ट धरली. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर आई पुढचं दार उघडून बायकोच्या शेजारच्या सीटवर बसलीसुद्धा. काच खाली करून म्हणाली, "व्याही, गाडी तीच आणतेय. मी आहे ना बरोबर." आणि मला म्हणाली, "तू मागे बस. ते पुरणपोळ्यांचे डबे सांभाळ."

मी मागे बसलो. दोन्ही मांड्यांवर गरम डबे, पुढे दोन अंबाडे आणि त्यांच्या मधून दिसणारा रस्ता. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी आजवर बसलोच नव्हतो. कर्नाळ्याची झाडं दोन्ही बाजूंनी सारखी उजळत येत होती. समोरून ट्रक आला की बायको दिवे खाली करायची, गेला की वर. आई प्रत्येक वेळी मान हलवायची.

"दिवे कसे खालीवर करतेस गं?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "दाखव बरं मला."