राखेवरचा उलटा हात

मुलगी दूर, थंड देशात सासरी आहे. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तिच्यामागे माझे व्याही दिवाणखान्यातली लाकडावरची शेगडी साफ करताना दिसतात. ओल्या कागदाला राख लावून शेगडीच्या दाराची काच पुसतात, धुराड्यातली काजळी ब्रशने काढतात. "आप्पांचं काम किती निगुतीचं!" मुलगी सांगते. मी "हो का" म्हणतो. मला ते बघवत नाही. लेक माझी, आणि तिच्या हिवाळ्याची ऊब या माणसाच्या हाती.

माझ्याकडे अंगणातला तांब्याचा बंब आहे. त्याची राख काढण्याआधी तिच्यावर हात उलटा धरून बघायचा, आत निखारा असेल तर हाताच्या पाठीला लगेच कळतं, हे मी लेकीला लहानपणी शिकवलं होतं. तेवढं तरी फक्त आम्हा दोघांचं होतं.

परवाच्या कॉलवर राख बादलीत भरण्याआधी व्याह्यांनी तिच्यावर अलगद उलटा हात धरला. माझ्याकडे बघून हसले. "सूनबाईने शिकवलं. तुमची पद्धत ना ही?"

मी मान डोलावली. मनात म्हटलं, घ्या, आता हेही घ्या.