अमेरिकेची टेप, मुलुंडचं मशीन

आमच्या मुलुंडच्या दुकानात जुन्या व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर बघता येतील अशा करून मिळतात. मशीन चार आहेत. त्यातलं आज कुठलं चालू, हे रोज सकाळी बघावं लागतं. किस्से मात्र बारा महिने चालू. लोक कॅसेट घेऊन जातात आणि किस्सा इथेच ठेवून जातात. परवाच्या एकाच आठवड्यातले सांगतो.

सोमवारी कांजूर गावातल्या ब्रिजिट आंटी आल्या. नवरा जहाजावर होता. अमेरिकेतून त्याने स्वतःचं शूटिंग करून एक कॅसेट पाठवली आणि पुढच्याच सफरीत वारला. आंटी दर नाताळला ती लावायच्या. घरच्या मशीनवर आवाज यायचा, चित्राच्या जागी नुसत्या रेघा. मग मशीन बिघडलं, कॅसेट कपाटात गेली आणि टेपला बुरशी लागली.

माझा पार्टनर विलास. गोड बोलणं त्याला जमत नाही. म्हणाला, "एकदाच फिरेल आंटी. दुसऱ्यांदा गॅरंटी नाय."

"एकदा पुरे," आंटी म्हणाल्या. आम्ही टेप साफ करायला घेतली आणि त्यांना शनिवारी बोलावलं.

अमेरिकेतल्या टेपची तऱ्हाच वेगळी. तिकडची टीव्हीची पद्धत निराळी, त्यामुळे इथल्या साध्या मशीनवर चित्र काळंपांढरं होतं आणि वर वर पळत राहतं, काही मशीनवर तर नुसत्या रेघाच. घाटकोपरचे एक काका भावाच्या तिकडच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. आम्ही रंगीत करून दाखवली तर नाराज झाले. वीस वर्षं सगळ्यांना सांगत होते, तिकडे ब्लॅक अँड व्हाइटची फॅशन आहे.

विलासने विचारलं, "आणि चित्र पळायचं ते?"

"तिकडचं लाइफ फास्ट आहे रे."

बुधवारी पवईचा एक इंजिनियर अमेरिकेतलीच एक टेप घेऊन आला, सोबत आई. तिकडे सेकंदाला तीस चित्रं असतात, इकडे पंचवीस, हे त्याला ठाऊक होतं. विलासशी भांडायलाच बसला. "म्हणजे सेकंदाला पाच चित्रं तुम्ही फेकणार? त्या टेपमध्ये माझी आई आहे."

मागच्या स्टुलावरून आई म्हणाली, "आई इथे बसलीये. इकडे बघ ना जरा."

गुरुवारी एक जोडपं लग्नाची कॅसेट घेऊन आलं. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडतात, ती तोडलेली होती. पण पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून वर कुणीतरी सेलोटेप चिकटवलेली. सप्तपदीचं चौथं पाऊल पडलं आणि क्रिकेटची मॅच सुरू झाली. नवरा पंख्याकडे बघायला लागला.

बायको शांतपणे म्हणाली, "जिंकलो तरी का?"

विलासने टेप पुढे नेऊन पाहिलं. हरलो होतो.

शनिवारी आंटी नवी साडी नेसून आल्या. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. टेप तुटली तर त्यांना तोंड कसं दाखवणार? विलासने बटण दाबलं. आधी रेघा आल्या, मग चित्र थरथरलं आणि थांबलं. रंग आले. लाल स्वेटर घातलेला एक तरुण माणूस डेकवर उभा होता.

"मीच विणलेलं," आंटी म्हणाल्या.

तो बोलायला लागला. वाऱ्यात शब्द नीट कळेनात, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझ्याकडे न बघता आंटींनी हात वर केला. "आवाज बंद कर रे बाबा. तो मला पाठ आहे."