तळाला आलेलं सेंटर
माझ्यासारख्याने लिहावं की नाही, कळत नाही. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, चुकलं तर सांभाळून घ्या. आज बसमध्ये सॅनिटायझरचा उग्र वास आला आणि बुकित पंजांग या उपनगरातलं डायलिसिस सेंटर आठवलं. मी तेव्हा त्याच शहरात, बुओना व्हिस्टा भागात, अशी सेंटरं चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात इंटर्न होतो. पेशंट किती वेळा हॉस्पिटलात भरती होतात, यावरून आम्ही सेंटरांची तुलना करत होतो. तळाचं सेंटर बंद होणार होतं, आणि तळाला होतं माझे घरमालक काका डायलिसिसला जायचे ते. काका निवृत्त मरीन इंजिनिअर. त्यांना आणायला गेलो, तर गार हॉलमध्ये बहुतेक पेशंट व्हीलचेअरवर. "काका, इथं सगळेच एवढे आजारी?" "दुसरीकडे घेत नाहीत ते इथं येतात, बाबा. कंपनी मोडकं जहाज माझ्याच गळ्यात मारायची, आणि वर विचारायची, तुझंच इंजिन का बंद पडतं?" त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागेना. रविवारी विहारात बुद्धवंदना संपल्यावर, तिथं येणाऱ्या ऑफिसातल्या वरिष्ठ ताईंना भीत भीत विचारलं, "पेशंट मुळात किती आजारी होते, ते आपण धरलंच नाही ना?" ताई चप्पल शोधता शोधता थांबल्या. "हे ऑफिसात बोलायला काय झालं होतं तुला?" सोमवारी त्यांनी वय, मधुमेह, हृदयविकार धरून सगळं पुन्हा मांडायला लावलं. सेंटर इतरांच्या बरोबरीत आलं. पण निर्णय वरच्यांचा होता, आणि तेवढ्यात माझी इंटर्नशिप संपली. घरी मी रोज काकांचा चेहरा बघायचो. ऑफिसातली गोष्ट सांगता येत नव्हती, विचारताही येत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी काका दारात बूट काढत म्हणाले, "आमचं सेंटर चालू राहतंय. बंद होणार होतं म्हणे. आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही."