गोड्या पाण्यात लाल हळद

घट बसायच्या आधी घरातली सारी अंथरुणं धुवायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवशी मी आणि माझी बुढी, म्हणजे बायको, दोन गोधड्या घेऊन सरोवरात उतरलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

आमचं सरोवर म्हणजे जमिनीत रुतलेली परात. वर कड्यावर गाव, चहूकडून झाडीचा उतार, तळाला खारं पाणी. त्यात साबण लागत नाही, मळ आपोआप सुटतो. पण हळदीचा डाग लाल होतो. मग उतारावरच्या धारेचं, म्हणजे झऱ्याचं, गोडं पाणी ओढ्यानं खाली येतं, त्यात गोधडी खळबळायची. डाग पुन्हा पिवळा झाला की खार निघाला. बुढीचं माप हेच. तिथं धुवायला आता मनाई आहे, आम्ही चोरून जायचो.

त्या दिवशी डाग पिवळा होईचना.

"ह्या पाण्यात काहीतरी हाय," मी म्हणालो.

"तुमाले त माह्या चहावरबी संशय येते."

वर येताना ती धारेवर थांबली, ओंजळभर पाणी प्यायली. घरी येऊन आडवी झाली आणि दिवे लागायच्या आत गेली.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मला ते पटलं नाही. जन्मभर तो चढ चढलेली बाई, तिचं हृदय असं बंद पडतं? माझा संशय कड्यावरच्या हॉटेलवाल्यावर होता. सरोवर पाहायला येणारे लोक तिथं जेवतात, फोटो काढतात, पुड्या खाली फेकतात. तेरावं झालं आणि मी चार लोकांसमोर त्याला म्हणालो, "तुह्या मोरीच्या पाण्यानं माही बुढी मेली."

तो चिडला नाही. "बसा आजोबा, चहा घ्या."

मी घेतला नाही. काय टाकलं असेल, कोण जाणे.

"माह्या मोरीचं पाणी खाली जाते, हाव," तो म्हणाला. "पण तुमच्या मोरीचं काय विमानानं जाते?"

दुपारी मी जुन्या धोतराच्या चिंध्यांना हळद लावली आणि खाली उतरलो. ओढ्यात एक बुडवली, लाल. वर गावाकडचा नाला त्याला मिळतो, तिथंही लाल. नाला मिळतो त्याच्याही वर, धारेच्या तोंडाशी नवी चिंधी धरली. पिवळी. तीनदा धरली, पिवळीच.

हळदीला साबण-सोडा कळतो, बाकी विष कळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बुढी प्यायली त्या पाण्यात मोरीचं पाणी नव्हतं. डॉक्टर खोटं बोलला नसेल, हा विचार मला सोसेना.

मग नाल्याच्या कडेनं वर चढलो. हॉटेलच्या मागं फेस होता. आमच्या आळीच्या मागंही होता. दारात चिखल होतो म्हणून मीच नळी टाकून आमची मोरी नाल्यात काढून दिली होती. तिच्या तोंडाशी चिंधी लालभडक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन मोरीमागं खड्डा खोदायला लागलो. हॉटेलवाला दूध घेऊन चालला होता, थांबला.

"काऊन खोदून राह्यले, आजोबा?"

"मोरीचं पाणी मुरवाले."

"माह्याकडंबी एक खोदून द्या मंग."

"तुह्ये हात मोडले काय बे?"

खड्डा कमरेइतका खोल झाल्यावर त्यात विटांचे तुकडे भरले आणि नळी नाल्यातून काढून खड्ड्यात वळवली.